अमेरिकन फुटबॉल: फॉर्टी (४० यार्डांची धाव) ४.३५ सेकंद लिहिलाय, ट्रॅकवर १०० मीटर १०.७१. हा रिसीव्हर खरंच वेगवान आहे का?

बकआय_बंडू:
टेक्सासमधला एक वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) आपल्या कॉलेजच्या संघाला कमिट झालाय, म्हणजे येतो म्हणालाय. नाव मुद्दाम देत नाही, पोरगा अजून शाळेत आहे. प्रोफाइलवर ६ फूट १ इंच, १६८ पौंड, फॉर्टी ४.३५, मानांकन पाचपैकी तीन स्टार. ट्रॅकच्या निकालात मात्र १०० मीटर १०.७१, वारा +२.८. निम्मी मंडळी म्हणतात विमान आहे, निम्मी म्हणतात आकडा फुगवलाय. हायलाइट पाहिले तर दर झेलाला टचडाउन. यातलं काय धरायचं? आणि पहिल्याच वर्षी मैदानात दिसेल का?

स्टॉपवॉच_शिंदे:
४.३५ आधी विसरा. शाळकरी मुलांच्या प्रोफाइलवरची फॉर्टी बहुतेक वेळा कुणीतरी हाताने मोजलेली असते, किंवा मुलाने स्वतःच भरलेली.

एक हिशेब करून बघा. ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. बर्लिनला २००९ मध्ये बोल्ट ९.५८ धावला तेव्हा त्याचे ३० मीटर ३.७८ ला आणि ४० मीटर ४.६४ ला झाले होते. म्हणजे ३६.५८ ला साधारण ४.३५. त्यातून बंदुकीचा आवाज ऐकून हलायला लागलेले ०.१४६ सेकंद वजा करा, कारण फॉर्टीत घड्याळ पळणाऱ्याच्या पहिल्या हालचालीवर सुरू होतं. उरले ४.२०. तेही स्पाइक घालून, ब्लॉकवरून, विश्वविक्रमाच्या दिवशी. आता १७ वर्षांच्या पोराच्या ४.३५ वर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या कंबाइनमध्येसुद्धा (नव्या खेळाडूंच्या चाचणीत) सुरुवात माणूस बटण दाबून करतो, फक्त शेवट यंत्र टिपतं.

ट्रॅकचा आकडा त्यामानाने प्रामाणिक असतो, पण तो वाचता आला पाहिजे. दशांशानंतर एकच अंक असेल (उदा. १०.५) तर वेळ हाताने घेतलीय, त्यात ०.२४ मिळवा. वाऱ्याची मर्यादा +२.० आहे. पाठीमागून १ मीटर प्रतिसेकंद वारा असेल तर ढोबळ मानाने ०.०५ सेकंद फुकट मिळतात. तुमच्या पोराला +२.८ मिळाला, म्हणजे वारा नसताना तो १०.८५ च्या आसपास. चांगला आहे, विमान नाही. एका शर्यतीवर जाऊ नका. पूर्ण हंगामातल्या कायदेशीर वाऱ्याच्या तीन-चार वेळा काढा. आणि २०० मीटरही बघा, वेग टिकतो का ते तिथे कळतं.

तिसरं_पाऊल:
शिंदे, आकडेमोड पटली. पण तुम्ही सगळे पळण्यावरच अडकलात. रिसीव्हरचं पोट थांबण्यावर भरतं.

२०१७ चं कंबाइन आठवा. जॉन रॉस ४.२२ पळाला, तेव्हाचा विक्रम, खेळाडू निवडीच्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर बेंगल्स संघाने उचलला. त्याच कंबाइनमध्ये कूपर कप ४.६२ पळाला आणि तिसऱ्या फेरीत गेला. कपने २०२१ मध्ये १४५ झेल आणि १,९४७ यार्ड काढले. रॉसचे पूर्ण कारकिर्दीत हजार यार्ड झाले नाहीत.

फरक कुठे पडतो? १५ यार्ड पळून १२ वर परत येणारा कमबॅक रूट (रिसीव्हरची ठरलेली वाट) घ्या. कच्चा धावपटू थांबण्याच्या तीन-चार पावलं आधी छाती वर करतो, पावलं बारीक करतो. कॉर्नरला (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूला) तेवढी चिठ्ठी पुरते, तो आधीच ब्रेक लावून बसतो. तयार रिसीव्हर छाती बोटांच्या पुढे ठेवून पळत राहतो, मग कंबर एकदम खाली घेतो आणि दोन-तीन पावलांत थांबतो. कॉर्नरला तोवर वाटत असतं की हा गो रूटच (सरळ पुढे पळणं) आहे. खो-खोत सरळ पळणारा तगडा गडी खांबापाशी गोल वळसा घेतो आणि तिथेच मार खातो, तसंच हे.

हॅशमार्क:
रॉसचं उदाहरण अर्धवट आहे हो. त्याला दुखापतींनी खाल्लं, फॉर्टीने नाही. थांबायला शिकवता येतं, कोच त्याचेच पैसे घेतात. १०.२ पळायला कोण शिकवणार?

निकोलस हार्बर बघा. शाळेत असताना ६ फूट ५ इंचाचा गडी १०.२२ पळाला. साउथ कॅरोलायना विद्यापीठाने २०२३ मध्ये घेतला तेव्हा तो रिसीव्हर म्हणून कच्चाच होता, बरंचसं डिफेन्सिव्ह एंड म्हणून बचावफळीत खेळलेला. पहिल्या हंगामात झेल १२. तरी त्याला घेणं चूक म्हणणार का?

तिसरं_पाऊल:
चूक कोण म्हणतंय? पण १०.२२ आणि १०.८५ यांत पूर्ण गल्ली आहे. १०.८५ वाल्याला रूटशिवाय गती नाही, एवढंच माझं म्हणणं.

हॅशमार्क:
बरं, ते मान्य.

आता त्याला उभा कुठे करतील ते बघा, कारण पहिल्या वर्षाचं उत्तर तिथे आहे. कॉलेजमध्ये दोन हॅशमध्ये (ज्या खुणांच्या आत चेंडू ठेवून डाव सुरू होतो) ४० फूट अंतर असतं आणि मैदान १६० फूट रुंद. चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट उरतात, दुसऱ्या बाजूला १००. एनएफएलमध्ये हॅश फक्त साडेअठरा फुटांवर, म्हणून तिथे हा फरक एवढा जाणवत नाही. अरुंद बाजूचा रिसीव्हर बहुधा एकटा असतो. कॉर्नर नाकासमोर उभा राहून प्रेस करतो आणि साइडलाइन दुसऱ्या बचावपटूसारखी अंगावर येते. १६८ पौंडांचा पोरगा तिथे पहिल्या धक्क्यातच रूटबाहेर. त्याला रुंद बाजूला किंवा स्लॉटमध्ये (आतल्या जागी) ठेवतील, मोकळी जागा देतील. १५ पौंड चढेपर्यंत, आणि वेग न घालवता चढेपर्यंत, किक रिटर्न (किकचा चेंडू झेलून परत पळवणं) आणि थोडे फार डाव एवढीच अपेक्षा ठेवा.

बकआय_बंडू:
धन्यवाद मंडळी. मग व्हिडिओत नेमकं काय बघू?

तिसरं_पाऊल:
हायलाइट नको, एका सामन्याची पूर्ण फिल्म मिळवा. हायलाइटमध्ये सुटलेले चेंडू कुणी ठेवत नाही.

पहिलं, समोरचा कॉर्नर किती लांब उभा आहे. सात-आठ यार्ड मागे असेल तर हूल द्यायची वेळच येत नाही, त्या झेलावरून काही ठरवू नका. प्रेसचे डाव शोधा. कॉर्नरचा हात अंगाला लागायच्या आत तो हाताने झटकतो का, की नुसता नाचत उभा राहतो? जागेवर नाचणं दिसायला झकास, पण दीड सेकंद तिथेच जातो आणि क्वार्टरबॅकचा (पास फेकणाऱ्याचा) वेळ संपतो.

दुसरं, खोल रूटवर २० यार्डांच्या आत तो कॉर्नरच्या बरोबर पुढे येऊन त्याला पाठीवर घेतो का. शेजारी शेजारी पळत राहिला तर चेंडू खांद्यावरून पडायला जागा उरत नाही. खरा वेग इथे दिसतो, घड्याळात नाही.

तिसरं, चेंडू हाताने घेतो की छातीवर. छातीवर घेणारा गर्दीत सोडतो.

आणि चेंडू दुसऱ्याकडे असताना काय करतो तेही बघा. ब्लॉकला जात नसेल तर स्टार कितीही असोत, कोच त्याला धावण्याच्या डावात बाहेर काढणार. मग तो आत आला की पास येणार हे समोरच्याला आयतं कळतं.

स्टॉपवॉच_शिंदे:
फिल्म बघताना फोनच्या घड्याळाने फॉर्टी मोजू नका मात्र. कॉलेजशी करारावर सही होईपर्यंत पाण्यात म्हैस, बाहेर मोल. वसंतातल्या मीटचे निकाल आले की वाऱ्यासकट इथे टाका.