उ: उ: गणपतीतला फलक – मथळा गुरुवारपर्यंत हवा

नमस्कार मंडळी,
काकांचा मजकूर पक्का झाला, अडलंय ते मथळ्यावर. सध्या आहे ‘जॉन ग्रिफिथ्स यांनी चितारलेला अजिंठा’. ताईंना तो मान्य नाही. गुरुवारी संध्याकाळी छपाईला जाणार. एकच ओळ बसते.
– सचिव

---

मथळा बदलू नये. ग्रिफिथ्स हा चित्रकार इथलाच, आपल्या वेल्सचा, मॉन्टगोमेरीशरमध्ये १८३७ साली जन्मलेला. १८६५ मध्ये मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकवायला गेला आणि १८९५ पर्यंत तिथेच राहिला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम १८७२ ते १८८५. इथले शेजारी आरतीला येतात, त्यांना आपला माणूस आपल्या लेण्यांत तेरा वर्षं राबला हे कळू दे. दोन वर्षं मी हा विषय मागतोय.
– काका

---

काका, राबला हे खरंच. पण कॅनव्हासवर ब्रश फिरवला तो जे. जे.च्या पोरांनी. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत ही नावं मथळ्यात नाहीत ती नाहीत, निदान ‘विद्यार्थी’ हा शब्द तरी हवा. मी स्वतः जे. जे.ची. नक्कल करायला बसलं की मान कशी भरून येते ते मला ठाऊक आहे, आणि इथे तर अंधाऱ्या लेण्यात, छतापर्यंत चढून.
– ताई

---

ताई, पण ती चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली ना? मग फलकावर फोटो कसले?
– नाशिकची मावशी

---

मावशी, ती मेजर गिलची. तो ग्रिफिथ्सच्या आधी, १८४४ पासून, नकला करायला अजिंठ्याला होता, त्याची बहुतेक चित्रं १८६६ च्या आगीत गेली. म्हणून तर ग्रिफिथ्सला पुन्हा सगळं करावं लागलं. दुर्दैव असं की १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनला आग लागून ग्रिफिथ्सचीही बरीच गेली. उरलेली तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. या नकलांचा त्याचा दोन खंडी ग्रंथ निघाला १८९६-९७ मध्ये.
– काका

---

वार्निशचं कुणीच बोलत नाही. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या मंडळींनी लेण्यांच्या भिंतींवर वार्निश चढवलं, ते पुढे काळवंडलं. मूळ चित्रांचं नुकसान झालं. मी शाळेच्या सहलीत गेलो तेव्हा गाइडनं टॉर्च मारून दाखवलं होतं, अजून डोळ्यांसमोर आहे. नुसतं कौतुक छापणार असू तर माझा विरोध नोंदवा.
– औरंगाबादकर

---

मजकुरात एक वाक्य घालतो. टाळायचा हेतू नव्हता, जागा नव्हती. गिलच्या परिच्छेदातली एक ओळ काढतो.
– काका

---

मजकूर वाढला तर फलक मोठा होतो, खर्चही. दिवाळीच्या वेळी आधी न विचारता बॅनर वाढवला होता. या वेळी आधी मला विचारा.
– खजिनदार

---

आकार तोच राहील. माझी सूचना: ‘अजिंठ्याच्या नकला: जे. जे.चे विद्यार्थी आणि जॉन ग्रिफिथ्स’.
– ताई

---

ग्रिफिथ्स आधी. काम त्याच्या देखरेखीखाली झालं. बाकी मान्य.
– काका

---

आधी कोण यावर मी अडत नाही. विद्यार्थी त्याच आकाराच्या अक्षरांत हवेत, खाली बारीक नकोत.
– ताई

---

ठीक. ‘अजिंठ्याच्या नकला: जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे.चे विद्यार्थी’, सगळं एकाच टाइपात. वार्निशचं वाक्य काकांनी उद्या दुपारपर्यंत पाठवावं. फलक उभा करायला शनिवारी सकाळी दोघं हवेत, शिडी कुणाकडे आहे?
– सचिव