मोजायची नशा की तिचा अंश?
गांजाला मुभा दिली की नशेत गाडी हाकणारे वाढणारच, हा नेहमीचा युक्तिवाद मला घाईचा वाटतो. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना ठरावीक प्रमाणात गांजा बाळगू दिला, पण चालकांना मोकळे सोडले नाही. ऑगस्टमध्ये टीएचसीची (गांजातील नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम ठरवून, ती ओलांडणाऱ्यास ५०० युरो दंड आणि महिनाभर वाहनबंदी लावली. खरी अडचण मोजमापाची आहे: टीएचसी चरबीत साठतो, त्यामुळे रोज ओढणारा शनिवारनंतर थांबला, तरी सोमवारी पूर्ण शुद्धीत कामावर निघताना पूर्वीच्या १ नॅनोग्रॅमच्या मर्यादेत अडकू शकत असे. (दारूचे गणित त्यामानाने सरळ.) आपले मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ दारूसाठी आकडा देते, अमली पदार्थांसाठी मात्र चालकाचे वाहनावर योग्य नियंत्रण उरणार नाही इतका अंमल असेल तर गुन्हा, एवढेच म्हणते.