पडलेल्या घरांचे फोटो: काढावेत का, कोणासाठी?

गोदाकाठची
३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच रात्री गणपती विसर्जन झालं होतं. त्या आठवड्यात बाबा नाशिकहून मदतीच्या ट्रकने तिकडे गेले आणि ३६ फोटोंचा एक रोल काढून आले. परवा मी तो स्कॅन केला. दगडांचे ढीगच ढीग. एका फोटोत भिंतीचा हातभर तुकडा उभा आहे, त्यातल्या कोनाड्यात फणी आणि कुंकवाचा करंडा जसाच्या तसा.

पण सगळे फोटो त्या काही दिवसांतले. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली, त्याचा एकही नाही. पडझड टिपायला सगळे धावतात, घर पुन्हा उभं राहताना कोणी फिरकत नाही. माझं म्हणणं, दरवर्षी त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून फोटो काढले पाहिजेत. आणि नाशिकने तर आत्ताच सुरुवात करावी. तिवंधा, भद्रकाली, सराफ बाजार इथले वाडे उभे आहेत तोवर. दिंडोरी, पेठ, कळवणकडे सौम्य धक्के बसतातच. किल्लारीचा भाग तर तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

तिवंध्याचा भाडेकरू
माझा ठाम विरोध. आमच्या वाड्यात एक जण जुनं बांधकाम टिपतो म्हणून आला. जिन्याजवळची भेग दिसेल असा फोटो काढून गेला. तोच फोटो मालकाने वाडा धोकादायक ठरवून घेण्यासाठी अर्जाला जोडला. आम्ही तिसऱ्या पिढीचे भाडेकरू. बाहेर पडलो तर जायचं कुठे? भूकंप यायचा तेव्हा येईल, तुमच्या फोटोने आम्ही आधीच रस्त्यावर येऊ.

रिटायर्ड नर्स, पंचवटी
मीही विरोधात, पण कारण वेगळं आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर मी भुजला पथकासोबत होते. तंबूत एका बाईचा पाय बांधत होते, तेवढ्यात कोणीतरी कॅमेरा आत घातला. तिने आधी पदर डोक्यावरून ओढला, मग वेदनेने ओरडली. तो क्रम मी विसरलेले नाही. त्या अवस्थेत कोणाला नाही म्हणता येतं का?

माळवद (सिव्हिल इंजिनिअर)
माणसांचे नकोत, पटलं. भिंतींचे मात्र हवेतच. किल्लारीच्या तेव्हा छापून आलेल्या फोटोंत बघा, ढिगांतून लाकडी खांब आणि तुळया उभ्या दिसतात. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, दगड मातीत रचलेले, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, वर मातीचं जड माळवद. हादऱ्याने दोन्ही थर सुटले आणि भिंती कोसळल्या. सांगाडा मात्र कितीतरी ठिकाणी तगला. गवंड्याला हे तोंडी सांगून पटत नाही, फोटो दाखवला की पटतं. आपल्या वाड्यांनाही लाकडी सांगाडाच आहे.

तिवंध्याचा भाडेकरू
मग दुरुस्ती सुचवा, साहेब. खांबाचं बूड कुजलंय हे आम्हाला फोटोशिवायही दिसतं. पैसे कोण घालणार, यावर बोला.

गोदाकाठची
तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. फोटो राहणाऱ्यांनीच काढायचे आणि त्यांच्याकडेच ठेवायचे, असं केलं तर?

तिवंध्याचा भाडेकरू
विचार करीन. आज हो म्हणणार नाही.

सातपूरकर
मी मूळचा त्या भागातला, तेव्हा चौथीत होतो. आई गेली. अल्बम घरासोबत गेला, त्यामुळे तिचा एकही फोटो नाही. दर ३० सप्टेंबरला पेपरात ढिगाऱ्यांचे तेच फोटो येतात, मी पान उलटतो.

पण एक सांगतो. नव्या गावात सुरुवातीला सरळ रांगा, एकसारखी घरं, सावलीला झाड नाही. जनावरं कुठे बांधायची हाच प्रश्न. मग कोणी पत्रे टाकून ओसरी काढली, कोणी मागे गोठा केला, आजीने दारात कडुलिंब लावला. आज त्याच्याखाली खाट मावते. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं, पण दाखवायला काही नाही. पोरांना वाटतं गाव असंच होतं.

ताई, त्या कोनाड्याच्या फोटोत मागे पिंपळाचा पार दिसतो का?

गोदाकाठची
पार आहे, डाव्या कडेला, अर्धा कापलेला. झाड कोणतं ते कळत नाही. बाबांनी पाकिटावर गावाचं नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'ऑक्टो. ९३'. त्यांना विचारलं, तर तीन-चार गावांत फिरलो एवढंच आठवतं म्हणाले.

३६ च्या ३६ तुम्हाला आज पाठवते. बाकी कोणाला दाखवायचे की नाही, ते तुम्ही बघून सांगा. तोवर मी कुठेही टाकत नाही.