सही कोणाची चालते? ('सरकारी आईबाप' या लेखाला उत्तर)

वुस्टरवाली:
परवा चकलीचा सोऱ्या यांनी लेख टाकला: अमेरिकेत आता सरकार मुलांना आईबाप नेमून देतं, कुटुंबसंस्था बुडाली, आपण वेळीच सावध व्हा. खाली सगळ्यांनी हात जोडले. मी त्यातलीच एक 'सरकारी आई' आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर. भाजी गॅसवर आहे, करपली तर करपली.

अशा नेमलेल्या पालकाला इथे 'सरोगेट पालक' म्हणतात. 'सरोगेट' म्हटलं की आपल्याकडे लगेच भाड्याचं गर्भाशय आठवतं. इथे त्याचा अर्थ अगदी कोरडा आहे. विशेष शिक्षण लागणाऱ्या मुलाचे आईवडील सापडत नाहीत, किंवा मूल राज्याच्या ताब्यात आहे, किंवा पोरगं बेघर होऊन एकटंच फिरतंय. अशा वेळी शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सही करायला एक माणूस नेमतात. ही तरतूद मुळात अमेरिकेच्या 1975च्या विशेष शिक्षण कायद्यापासून आहे, बेघर मुलांचा उल्लेख 2004 साली आला. गरज आहे हे ठरल्यापासून 30 दिवसांत नेमणूक व्हावी यासाठी प्रयत्न करा, हेही 2004 सालीच घातलं. मुलाचा ताबा माझ्याकडे नाही, औषधपाण्यात मी बोलायचं नाही. चाचण्या कोणत्या, वर्ग कोणता, आठवड्याला स्पीच थेरपी किती, एवढ्यापुरतीच मी. मॅसॅच्युसेट्समध्ये हे काम स्वयंसेवक करतात.

आणि सोऱ्यांनी गाळलेली अट: शाळेत, शिक्षण खात्यात किंवा मुलाला सांभाळणाऱ्या संस्थेत नोकरी करणारा माणूस सरोगेट होऊ शकत नाही.

माझा एक मुलगा (मुलगाच म्हणते, चालवून घ्या) समूहगृहात, म्हणजे घराबाहेर ठेवलेली मुलं एकत्र राहतात अशा संस्थेत, राहतो. पहिल्या बैठकीत टेबलाभोवती सात जण होते, सातही पगारी. शाळेला त्याला 'वर्तनामुळे' वेगळ्या इमारतीतल्या वर्गात हलवायचं होतं. मी फाइल मागितली. तीन वर्षांनी व्हायची फेरतपासणी राहूनच गेली होती. मी सही केली नाही. तपासणी झाली तेव्हा कळलं, चौदा वर्षांचा पोरगा दुसरीच्या मुलाएवढं वाचतोय. इतिहासाच्या तासाला बाक आपटणार नाही तर काय करेल?

चकलीचा सोऱ्या:
ताई, माझाच मुद्दा सिद्ध केलात. टेबलाभोवती सात पगारी आणि एक बिनपगारी, पण घरचं एकही नाही! आमच्याकडे मूल पोरकं झालं तर मामा उभा राहतो. अधूनमधून फाइल चाळायला येणाऱ्या बाईला पालक म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढंच.

वुस्टरवाली:
मूल मामाकडे राहत असेल तर इथला कायदाही मामालाच पालक मानतो. आजीलाही मानतो. मामा नसतो तिथे मी असते.

बालाघाटी:
मामा उभा राहतो म्हणे. मी बीडच्या शिरूर कासार तालुक्यातला. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूरकडे, ते गावात दिसायचे थेट पाडव्याच्या सुमाराला. मामा? मामा त्याच ट्रॅक्टरमध्ये बसलेला असायचा.

पाचवीपर्यंत प्रगतिपुस्तकावर आजीचा अंगठा. पुढे वसतिगृहात गेलो आणि 'पालकाची सही' या रेघेवर अधीक्षकांची सही सुरू झाली. आमच्या सगळ्यांचं बाप एकच, निळ्या पेनानं सही करणारं. दहावीला 71 टक्के पडले, मला सायन्सला जायचं होतं. संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात आर्ट्सची तुकडी पटसंख्येअभावी जायच्या बेतात होती. फॉर्म भरला अधीक्षकांनी, सही अधीक्षकांची, शाखा कला. विद्यार्थ्याच्या सहीच्या जागी मी मुकाट्यानं नाव लिहिलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, सर म्हणतेत तर बरंच असंल.

आज तलाठी आहे, पोटापाण्याचं बरं चाललंय. पण ताई, 'सांभाळणाऱ्या संस्थेत नोकरी करणारा नको' हे वाक्य मी तीनदा वाचलं.

खडूफळा:
झालं, सापडला बळीचा बकरा! मी 31 वर्षं शिक्षक, त्यातली 11 वसतिगृहावर. 84 पोरांच्या कागदांवर पालक म्हणून सह्या केल्या. रात्री दोनला ताप चढलेल्या पोराला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे शिपाई धरून, 14 किलोमीटरवरच्या दवाखान्यात कोणी नेलं? बोस्टनहून कोण आलं होतं का? कोणत्या पोराला गणित येतं, कोण रात्री अंथरूण ओलं करतं, कोणाचा बाप पिऊन फोन करतो, हे मला पाठ होतं. बाहेरून येणाऱ्याला पोराचं नाव तरी धड घेता येईल का?

बालाघाटी:
गुरुजी, ताप वेगळा आणि तुकडी वेगळी. तुमच्या मोटरसायकलला माझा नमस्कार. पण खरं सांगा, पटासाठी एकही फॉर्म भरला नाहीत?

चकलीचा सोऱ्या:
धागा अमेरिकेचा होता, बीडला कसा पोचला?

बालाघाटी:
ट्रॅक्टरनं.

चकलीचा सोऱ्या:
सह्यांवर प्रवचन तलाठ्यानं द्यावं, हा विनोद भारी आहे. एका फेरफारासाठी मी पाच चकरा मारल्यात.

बालाघाटी:
माझ्या सज्ज्यात या, एका चकरेत करून देतो. येताना मामाला आणा.

दोन वेण्या:
भांडा तुम्ही. माझं ऐका जरा. मी सख्खी, जिवंत, पुण्यात राहणारी, शिकलेली आई आहे. मुलगा ऑटिस्टिक, नऊ वर्षांचा. शाळेनं प्रवेशाच्या वेळी हमीपत्र पुढे केलं: शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी बाई) पालकांनी आणायची, पगार पालकांनी द्यायचा, ती आली नाही तर मुलाला त्या दिवशी घरी ठेवायचं, आणि काही झालं तर शाळा जबाबदार नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेशक शिक्षणाबद्दल काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं. मॅडम हसून म्हणाल्या, "मग तुम्ही दुसरी शाळा बघा ना." ही चौथी होती. केली सही.

वुस्टरवाली ताईंनी सही केली नाही आणि शाळा थांबली! तुमच्या त्या पोराचं नशीब काढलं हो. माझ्या लेकाला आई आहे, बाप आहे, दोन्हीकडचे आजीआजोबा आहेत, दोन मामा आहेत सोऱ्याभाऊ, आणि सगळ्यांनी मिळून 'नाही' म्हटलं तरी शाळेच्या शिपायाला फरक पडणार नाही. नेमलेला पालक हवा की नको यावर कसली चर्चा करताय? आधी असलेल्या पालकाला विचारा.

पुढची तारीख:
वेण्याताईंचा मुद्दा बिनतोड. नुसती सही उपयोगाची नाही, नकार ऐकून घेणारं कोणीतरी लागतं. अमेरिकेत शाळेचं म्हणणं पटलं नाही तर रीतसर सुनावणी मागता येते आणि तो हक्क नेमलेल्या पालकालाही असतो.

आपल्याकडे बाल न्याय कायदा 2015 आहे, जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे, अध्यक्ष आणि चार सदस्य. ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व वगैरे असलेल्यांसाठी 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, पण त्यातलं पालकत्व मुख्यतः 18 वर्षांवरच्यांसाठी वापरलं जातं. फक्त शिक्षणापुरता, संस्थेबाहेरचा, नाही म्हणू शकणारा माणूस असं पद मला यात कुठे दिसलेलं नाही. गंमत म्हणजे 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत. बालगृहातल्या मुलांतर्फे तिथे कोण बसतं? मी एका ठिकाणी विचारलं होतं. मला चहा दिला.

चकलीचा सोऱ्या:
म्हणजे आणखी एक पद, आणखी एक भत्ता, आणखी एक कार्यकर्ता सोयीला लावला. आमदाराचा भाचा 200 मुलांचा पालक होईल, लिहून ठेवा.

बालाघाटी:
हे मात्र पटलं. सोऱ्याभाऊंशी सहमत व्हावं लागेल असं सकाळी वाटलं नव्हतं.

वुस्टरवाली:
मलाही थोडं गिळावं लागेल. इथे सगळं गोड आहे असं मी म्हटलं नव्हतं, पण सूर तसा लागला असेल. एका मुलीला मी वर्षभरात तीनदाच भेटले. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "तुम्ही नक्की कोणाकडून आलात?" शाळेकडून नाही, समूहगृहाकडून नाही, कोर्टाकडून नाही, इतकं सांगून झालं. पुढे काय सांगायचं ते सुचेना. खडूफळा सरांना 84 मुलांच्या खोड्या पाठ होत्या, मला पाच मुलांच्या फाइली पाठ आहेत. हा फरक मान्य. पण आर्ट्सचा तो फॉर्म माझ्यासमोर आला असता तर मी पोराला विचारलं असतं, तुला काय शिकायचंय? मला तुकडीचं काही पडलं नव्हतं, एवढंच माझं भांडवल.

खडूफळा:
बालाघाटी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. भरले. एका वर्षी नऊ फॉर्म. तुकडी तुटली असती तर दोन शिक्षक अतिरिक्त ठरले असते, त्यातल्या एकाच्या बायकोचं डायलिसिस चालू होतं. त्या नऊ पोरांना विचारलं होतं का? नाही. विचारलं असतं तर ती 'हो सर'च म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं.

आता तुमच्या त्या नियमानं मी पात्र आहे. पगार बंद, संस्थेशी संबंध नाही. जुन्या वसतिगृहात शनिवारी पालकसभा आहे. दरवर्षी पालकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात, एखादीवर जाऊन बसतो.

बालाघाटी:
पेन्शन कोणाची घेता, गुरुजी?

खडूफळा:
शासनाची. मग तुझ्या नियमात बसणारा एखादा शोधून आण, नाहीतर तूच ये. सभा अकराला, म्हणजे साडेबाराला.