प्रतिसाद: पाइपचा कार शेड, जरा हिशेब

पाइपच्या कमानींवर ताडपत्री टाकून करायच्या कार शेडला वरच्या पोस्टमध्ये चार कमानी सुचवल्यात, त्या कमी पडतील. 15 फूट लांबीला दर 3 फुटांवर एक, म्हणजे 6 हव्यात. कमानीला 32 मिमीचा 20 फुटी पीव्हीसी पाइप घ्या. कमानीची दोन्ही बुडं एकमेकांपासून 10 फुटांवर ठेवली की मधली उंची साधारण साडेसात फूट मिळते. कमानी जोडणाऱ्या आडव्यांना आणखी 3 पाइप, त्यातला एक शिखरावर. तो नसला की कमानींमध्ये ताडपत्रीचा झोळ होऊन पाणी साचतं.

बुडाला 16 मिमीच्या सळया दोन फूट जमिनीत, दोन फूट पाइपात. कमानीला भोकं पाडू नका, बाक तिथेच तडकतो. जोड दोरीने फुली मारून आवळा. ताडपत्री 15×18 फुटी, सायकल ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. वाऱ्यात ताण खातात. वादळाआधी मात्र ताडपत्री उतरवाच. पाइप उन्हाने ठिसूळ होतो, फिकट रंग मारा.