एक कप, तीन तास: कॅफेतलं टेबल नक्की कोणाचं?

खिडकीजवळची

शनिवारची गोष्ट. घराजवळच्या एका कॅफेत मी आठवड्यातून तीनदा तरी जाते. भाषांतराचं काम, घरी लक्ष लागत नाही. खिडकीजवळचं टेबल, लॅपटॉप, एक कॉफी, तासाभराने काहीतरी खायला, वाटलं तर आणखी एक कॉफी. तीन वर्षं हेच चाललंय.

शनिवारी जेमतेम पाऊण तास झाला असेल. पोरगा आला आणि न मागता बिलाचं फोल्डर ठेवून गेला. वर म्हणाला, "घाई नाही मॅडम, सावकाश." घाई नाही तर आणलंस कशाला बाबा? पाच मिनिटांनी परत येऊन शेजारचं स्वच्छ टेबल पुसायला लागला. मग माझ्या टेबलाचा नंबर. मी कप उचलून धरला, त्याने कपाखालची जागा पुसली, मी कप खाली ठेवला. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

निघताना गल्ल्याजवळ नवी पाटी दिसली: "गर्दीच्या वेळी एका टेबलावर जास्तीत जास्त दीड तास."

माझं म्हणणं सरळ आहे. तीच कॉफी घरी करायला कितीतरी कमी खर्च येतो. मग वरचे पैसे आपण कशाचे देतो? खुर्चीचे, थंड हवेचे, वाय-फायचे, म्हणजे बसण्याचेच ना? बसण्याचे पैसे घ्यायचे आणि वर म्हणायचं बसू नका. ही लबाडी आहे. तुम्हाला काय वाटतं?

अर्धा कप

+१. आणि "आणखी काही हवंय का?" या प्रश्नाचे तीन सूर असतात. पहिला आपुलकीचा, दुसरा चौकशीचा, तिसरा हाकलण्याचा. शब्द तेच.

गल्ल्यामागचा

असहमत. सविस्तर लिहितो, कारण सहा वर्षं मी पार्टनरसोबत चोवीस खुर्च्यांची जागा चालवली. आता बंद आहे. लॅपटॉपवाल्यांमुळे नाही, जागामालकाने करार वाढवला नाही म्हणून. त्यामुळे ताई, माझा तुमच्यावर राग नाही.

भाडं, वीज, पगार हे काही कपावर ठरत नाहीत, ते महिन्यावर ठरतात. कमाई मात्र दिवसाच्या दोन-तीन तासांतच होते. आमची संध्याकाळी ६ ते ९. चोवीस खुर्च्या गुणिले तीन तास म्हणजे ७२ खुर्ची-तास. माझ्याकडे विकायला खरा माल तेवढाच. आता एक माणूस चौघांच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिन्ही तास बसला की बारा खुर्ची-तास गेले. सहावा हिस्सा! एका माणसाने! त्याच्याकडून मिळाले दोन कप.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. हॉटेलवाले खोल्यांचा आणि विमान कंपन्या सीटचा हिशेब करतात तसा खुर्ची-तासाचा हिशेब अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरिल काइम्स यांनी १९९८च्या आसपास मांडला. किती गिऱ्हाइकं आली, प्रत्येकाने किती खर्च केला, यापेक्षा एक खुर्ची तासाला काय देते ते बघा, असं त्याचं सार.

दुपारी तीन वाजता तुम्ही या आणि चार तास बसा, मी स्वतः पाणी आणून देईन. रिकाम्या जागेत कोणी शिरत नाही, काचेतून एक माणूस बसलेला दिसला तर शिरतात. तेव्हा तुम्ही आमची फुकटची जाहिरात असता. शनिवारी संध्याकाळी सातला तुम्ही आमचा तोटा असता. माणूस तोच, टेबल तेच, घड्याळ वेगळं.

जुना वाचक

गल्ल्यामागचा यांचा हिशेब बरोबर असेल, पण कॅफे ही चीजच मुळात रेंगाळण्यातून जन्माला आली आहे हे ते विसरतायत. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात जहाजमालक, कप्तान आणि विमा उतरवणारे तासन्‌तास बसायचे. साल १६८८च्या सुमाराचं. त्या बसण्यातून जगातला एक प्रचंड विमा बाजार उभा राहिला आणि आजही तो लॉइड्स याच नावाने चालतो. १६९८मध्ये जॉन कास्टेंग नावाच्या माणसाने जोनाथन्स कॉफीहाउसातून शेअर आणि मालाच्या भावांची यादी काढायला सुरुवात केली. लंडनचा शेअर बाजार आपला वंश तिथपर्यंत नेतो. दीड तासाची पाटी असती तर?

दुसऱ्या चार्ल्स राजाला हे रेंगाळणं इतकं खुपलं की १६७५च्या डिसेंबरात त्याने कॉफीहाउसं बंद करण्याचा हुकूम काढला. लोक तिथे बसून सरकारबद्दल बोलतात, ही तक्रार. एवढा ओरडा झाला की हुकूम लागू होण्याआधीच मागे घ्यावा लागला. राजाला जमलं नाही ते आता पाटी करणार म्हणायचं.

आणि व्हिएन्ना. तिथली कॉफीहाउस संस्कृती २०११पासून ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहे. तिचं वर्णन साधारण असं करतात, की तिथे वेळ आणि जागा खर्च होते पण बिलावर दिसते फक्त कॉफी.

गल्ल्यामागचा

काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. लंडनच्या त्या कॉफीहाउसांना लोक पेनी युनिव्हर्सिटी म्हणत, ते का? आत शिरायला एक पेनी द्यावी लागे म्हणून. म्हणजे बसण्याचे पैसे दारातच आणि उघडपणे घेतले जात. मग बसा ना दिवसभर!

आमचं दुखणं नेमकं तुमच्या व्हिएन्नाच्या वाक्यातच आहे. खर्च होते जागा आणि बिलावर येते कॉफी. मग अर्ध्या तासात उठणारा माणूस तीन तास बसणाऱ्याचं भाडं भरतो. ताई म्हणतात वरचे पैसे बसण्याचेच. मान्य. पण किती बसण्याचे, ते कुठे लिहिलंय? तेच लिहिलं तर लबाडी?

खिडकीजवळची

मुद्दा लागला, खोटं कशाला बोलू. पण मग तुम्ही पाटी लावायची की फोल्डर आणून ठेवायचं? दोन्ही कशाला?

दुसरी पाळी

मी तो फोल्डर ठेवणारा पोरगा. म्हणजे तुमच्या कॅफेतला नाही, दुसरीकडचा.

मालक गल्ल्यावरून नुसती मान हलवतो, त्या टेबलाकडे बघ म्हणून. जायचं आम्ही. गिऱ्हाईक चिडतं आमच्यावर, टिप कापतं आमची. पाटी नव्हती तेव्हा मला रोज ठरवायला लागायचं की आज कोणाला उठवायचं. आणि खरं सांगू? सगळ्यांना सारखं नाही उठवलं जात. गाडीची चावी टेबलावर ठेवून बसलेल्या साहेबांकडे आम्ही नाही जात. कॉलेजची पोरं, एकटी बाई, साध्या कपड्यातला माणूस, त्यांच्याकडे फोल्डर लवकर जातो. मी पण केलंय. पाटी लागल्यापासून मी फक्त बोट दाखवतो.

अजून एक. तुम्ही लोक शेवटचा घोट ठेवता ना कपात, तो आम्हाला कळतो. कप रिकामा झाला की उचलून नेतील आणि मग बसायचा हक्क गेला, असं वाटतं तुम्हाला. मी एका सरांचा गार घोट दोन तास सांभाळलाय. मधे माशी पडली तरी त्यांनी बशीने झाकून ठेवला.

अर्धा कप

आयडीवरून ओळखलंच असेल, पण माशी नव्हती.

उंबरा

दुसरी पाळी यांनी लिहिलं त्याला धरून एक आठवण. २०१८च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या एका दुकानात दोन कृष्णवर्णीय तरुण कामासाठी भेटणाऱ्या माणसाची वाट बघत बसले होते. काही मागवलं नव्हतं. व्यवस्थापकाने पोलीस बोलावले आणि दोघांना बेड्या घालून नेलं. वाट बघत असे कितीतरी लोक रोज बसतात, पोलीस यांच्यासाठीच आले. त्यानंतर कंपनीने २९ मे रोजी अमेरिकेतली आठ हजारांवर दुकानं एका दुपारी बंद ठेवून कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घेतलं आणि नियम केला की काही न घेताही कोणीही बसू शकेल. जानेवारी २०२५मध्ये तो नियम मागे घेतला. आता तिकडे बसायचं तर काहीतरी घ्यावं लागतं.

माझं मत पाटीच्या बाजूने आहे. कॅफेवाल्याच्या गल्ल्यासाठी नाही, उठवलं जाणाऱ्यांसाठी. तोंडी नियम चेहरा बघून लागतो. लेखी नियमाशी निदान भांडता येतं.

जुना वाचक

भांडता येतं हे पटलं. पण नियम लेखी झाला म्हणून शहाणा होत नाही. मी निवृत्त आहे, घरी एकटा असतो. रोज अकराला बाहेर पडतो. शहरात फुकट बसायला जागा उरल्या आहेत किती? बागा दुपारी बंद. वाचनालयात बोलायचं नाही. दुकानांच्या पायऱ्यांवर लोखंडी टोकं बसवली आहेत. घर आणि कामाची जागा यांच्यापलीकडे माणसाला एक तिसरी जागा लागते, ही कल्पना रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९मध्ये मांडली, त्यात कॅफे अगदी वरच्या क्रमांकावर आहेत. अशा जागी माणूस किती वेळ बसला याची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून तर ती तिसरी जागा.

गल्ल्यामागचा

काका, अकरा वाजता तुम्हाला कोण उठवतंय? पाटीवर "गर्दीच्या वेळी" असं लिहिलंय. आणि बाग दुपारी बंद असते याचा जाब नगरपालिकेला विचारायचा सोडून चोवीस खुर्च्यांवाल्याला का विचारता? त्याने कर भरायचा, भाडं भरायचं आणि वर शहराची ओसरीही व्हायचं?

जुना वाचक

व्हायचं. रस्त्यावर दार उघडून "या" म्हणणाऱ्याने थोडं व्हावंच लागतं. उरलेलं नगरपालिकेला विचारतोच आहे, तीन अर्ज दिलेत.

मीटर डाउन

एवढी चर्चा कशाला? मिनिटावर पैसे घ्या, विषय संपला. मॉस्कोत २०११मध्ये त्सिफरब्लात नावाची जागा सुरू झाली, पुढे लंडनमध्येही आली. आत शिरताना तुम्हाला एक घड्याळ देतात, निघताना बसलेल्या वेळेचे पैसे. पेयं त्यातच. कपात घोट राखायला नको, कोणी फोल्डर आणून ठेवायला नको.

उंबरा

आणि टेबलावर टिकटिकणारं घड्याळ घेऊन मैत्रिणीचं घटस्फोटाचं ऐकायचं? तिने रडायला सुरुवात केली की माझा डोळा काट्यावर. नको हो. काही हिशेब अर्धवट झाकलेले असतात म्हणूनच बरं चालतं. (हो, मीच वर लेखी नियमाची बाजू घेतली आहे. दीड तासाची पाटी वेगळी आणि मिनिटाचं मीटर वेगळं.)

चौदा जण

सगळे लॅपटॉपवाल्यांच्या मागे लागलेत, म्हणून उलटी तक्रार. आम्ही मित्र एका रेस्टॉरंटमध्ये गेलो. फोनवर सांगितलं होतं, टेबल पावणेदोन तासांसाठी. ठीक. बसल्यावर मेनू यायला दहा मिनिटं, ऑर्डर घ्यायला पंधरा, पहिली डिश यायला अजून वीस. पाऊण तास त्यांनीच खाल्ला. मुख्य जेवण आलं तेव्हा बाहेरचे पुढच्या टेबलाचे लोक काचेतून आमच्या घासांकडे बघत उभे. शेवटी बिल मागितलं तर ते यायला बारा मिनिटं!

पाटी लावा, जरूर लावा. पण घड्याळ कधी सुरू होतं ते पण लिहा. खुर्चीत बसल्यापासून की ताट समोर आल्यापासून?

गल्ल्यामागचा

हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही लोक तो टाळतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर गिऱ्हाईक रेंगाळल्याने जितका वेळ जातो तितकाच आमच्या ढिलाईने जातो. आमच्याकडे एकदा पार्टनरने आठवडाभर वहीत वेळा टिपल्या. बिल मागितल्यापासून टेबल रिकामं होईपर्यंत सरासरी अकरा मिनिटं जायची आणि त्यातला बराच वेळ आमचा एकमेव गल्लेवाला मोकळा होण्यात जायचा. गल्लेवाला मीच होतो.

दुसरी पाळी

आमच्याकडे घड्याळ ऑर्डर घेतल्यापासून. मालकाने नाही ठरवलं, आम्ही पोरांनी ठरवलं. कोणी विचारलं की तेच सांगतो.

खिडकीजवळची

काल परत गेले. संध्याकाळी सात, मुद्दाम. गल्ल्यावर विचारलं, दीड तास कधीपासून? मालकीणबाई गोंधळल्या. म्हणाल्या, असं कोणी विचारलंच नाही. मग त्या पोराला हाक मारली, तो म्हणाला, "कॉफी टेबलावर आली की." मालकीणबाईंनी लगेच पेन घेऊन पाटीवर लिहिलं. अक्षर बारीक आहे, पण लिहिलं.

खिडकीजवळचं टेबल चौघांचं आहे हे मला गल्ल्यामागचा यांच्या गुणाकारानंतर पहिल्यांदा दिसलं. तिथे एक आई, दोन मुलं आणि आजी बसली होती. मी भिंतीकडच्या दोघांच्या टेबलावर बसले. उजेड कमी आहे आणि बेसिनचं दार सारखं वाजतं. पण प्लगपॉइंट तिथेच निघाला. तीन वर्षं मी बॅटरी संपत आली की घरी पळत होते.

दीड तासाची पाटी मला अजूनही आवडलेली नाही. रात्री साडेआठला निम्मी जागा रिकामी होती आणि तरी मी घड्याळ बघत होते. पाटीआधी कधी बघितलं नव्हतं.

जुना वाचक

हेच म्हणत होतो मी.

अर्धा कप

आता आयडी बदलणार का?