वसंतदादा मुख्यमंत्री ३ वेळा की ४ वेळा? आणि राज्यपालपदाचं काय लिहावं?

माधवनगर_नाका : सांगलीतल्या शाळेच्या प्रदर्शनासाठी वसंतदादा पाटलांच्या जीवनपटाचा तक्ता करायचाय. एकीकडे ३ वेळा मुख्यमंत्री, दुसरीकडे ४ वेळा. तुरुंग फोडल्याचं साल कुठे १९४२, कुठे १९४३. राजस्थानच्या राज्यपालपदावर तर एका ओळीपलीकडे काहीच सापडत नाही. शिवाय मुलं हमखास विचारणार, शिक्षण कमी होतं तर राज्यपाल कसे झाले? जाणकारांनी सांगावं.

कृष्णाकाठ : शपथा मोजल्या तर ४, सलग कारकिर्दी मोजल्या तर २. पहिली शपथ मे १९७७, शंकरराव चव्हाणांनंतर. पुढं निवडणूक झाली आणि मार्च १९७८ मध्ये फुटलेल्या दोन्ही काँग्रेसच्या आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून दुसरी. उपमुख्यमंत्री नासिकराव तिरपुडे. शरद पवार बाहेर पडले आणि जुलैत ते सरकार गेलं. तिसरी फेब्रुवारी १९८३, बाबासाहेब भोसल्यांनंतर. चौथी मार्च १९८५, विधानसभा निवडणुकीनंतर. प्रभा राव काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्ष झाल्या, दादांना ते पटलं नाही, जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. तक्त्यावर महिन्यासकट चारही शपथा लिहा, म्हणजे वाद उरत नाही.

गणेशदुर्ग : तुरुंगाची तारीख २४ जुलै १९४३. चळवळ बेचाळीसची म्हणून लोक साल १९४२ ठोकून देतात. तुरुंग सांगलीच्या गणेशदुर्ग किल्ल्यात होता आणि सांगली तेव्हा संस्थान होती, त्यामुळे ‘ब्रिटिशांचा तुरुंग’ असं सरसकट लिहू नका. तटावरून खंदकात उड्या टाकल्या. दादांना गोळी लागली, पुन्हा पकडले गेले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. ही दोन नावं तक्त्यावर आलीच पाहिजेत, बहुतेक ठिकाणी तीच गळतात.

मिरज_जंक्शन : राज्यपालपदाचं बघा. घटनेच्या कलम १५७ मध्ये अटी दोनच : भारतीय नागरिक आणि वय ३५ पूर्ण. शिक्षणाची अट नाही. मुलांना एवढं उत्तर पुरे.

दादा नोव्हेंबर १९८५ ते ऑक्टोबर १९८७ जयपूरला होते, मुख्यमंत्री हरिदेव जोशी. राज्यपालांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं लागतं, म्हणून ‘दादांनी राजस्थानात अमुक योजना आणली’ अशी वाक्यं टाळा. एक गोष्ट मात्र ठळक लिहा. ४ सप्टेंबर १९८७ ला देवराला इथं रूपकंवर सती प्रकरण घडलं आणि १ ऑक्टोबरला राजस्थानात सतीविरोधी अध्यादेश निघाला. अध्यादेश कलम २१३ खाली राज्यपालांच्या नावे निघतो, आणि तेव्हा राज्यपाल दादाच होते.

माधवनगर_नाका : फार उपयोग झाला. विनाअनुदानित कॉलेजांचं घ्यावं का?

कृष्णाकाठ : घ्याच, साल १९८३. आपली पोरं इंजिनिअरिंगला कर्नाटकात जात होती, आणि नवी कॉलेजं काढायला सरकारकडं पैसा नव्हता. म्हणून दादांनी खासगी संस्थांना सरकारी अनुदानाशिवाय कॉलेजं काढायची परवानगी दिली. त्यामुळे जागा वाढल्या, पण प्रवेशासाठीच्या देणग्याही बोकाळल्या. म्हणून १९८७ ला महाराष्ट्रात कॅपिटेशन फीविरोधी (म्हणजे अशा देणग्यांविरोधी) कायदा करावा लागला. तक्त्यावर दोन्ही सालं शेजारी-शेजारी लिहा. एकटं १९८३ लिहिणं अर्धवट होईल.

गणेशदुर्ग : जाता जाता, पुण्याजवळच्या मांजरीच्या साखर संस्थेचं १९७५ मधलं नाव ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’. दादांचं नाव तिला १९८९ मध्ये मिळालं. १ मार्च १९८९ ला ते गेले, त्यानंतर. १९७५ च्या रकान्यात जुनंच नाव टाका.